ताईच्या घराची पाहणी

गवंड्याला सगळी वस्ती ओळंबा म्हणायची. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला टांगतात ते वजन. हा माणूस कुणाकडे नुसतं पाणी प्यायला गेला तरी पेला हातात धरून, एक डोळा मिटून भिंतीचा कोपरा न्याहाळायचा आणि घरच्यांचा जीव टांगणीला लावायचा. वस्तीतली निम्मी घरं त्यानेच बांधली होती. उरलेली निम्मी कुणी बांधली हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलंत की तुमचा तास गेलाच.

वस्तीमागच्या टेकडीवर नवी दगडखाण येणार, ही बातमी आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिले तीन महिने म्हणे चाचणी. आठवड्यातून दोनदा भरदुपारी भोंगा व्हायचा, पाठोपाठ सुरुंग. जमीन खालून ढुशी मारल्यासारखी हलायची, फळीवरची भांडी खाली यायची आणि निजलेली लेकरं दचकून उठायची. चाचणी संपली की पाहणी अधिकारी येणार होता. घरांना इजा झालेली दिसली तर खाण बंद. नाही दिसली तर वीस वर्षांचा परवाना.

मग वस्तीने समिती काढली. निवृत्त मास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांचं अक्षर सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरात त्यांनी नऊ अर्ज लिहिले आणि नऊ पोचपावत्या मिळवल्या. बाकी काही मिळालं नाही. भिंतींना गेलेल्या तड्यांचे फोटो पाठवले तर खाणीच्या साहेबाने विचारलं, हे कुठल्या गावच्या भिंतींचे फोटो आहेत. हा साहेब बोलायला फार गोड. ओठात एक आणि पोटात एक, अशी माणसं गोडच बोलतात.

शेवटी ओळंब्याला युक्ती सुचली. फुटक्या खिडक्यांच्या काचा गोळा करून त्याने बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक तड्यावर एक पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवायची, शेजारी तारीख घालायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. माणूस खोटं बोलेल, अर्ज खोटा निघेल, काच कशी खोटं बोलणार? त्याने सव्वीस घरांत पट्ट्या लावल्या. सगळ्यांत जास्त, म्हणजे सात, ताईच्या घरात लावल्या आणि दुसऱ्या महिन्यातच सातही तडकल्या. वस्तीला पहिल्यांदा धीर आला. पाहणीच्या पत्रात लिहिलंच होतं की टेकडीला सगळ्यांत जवळचं घर आधी बघितलं जाईल, आणि तेच धड असेल तर लांबची घरं बघायची गरज नाही. सगळ्यांत जवळचं घर ताईचं होतं.

ताई म्हणजे ओळंब्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. तो गवंडीकाम शिकून आला तेव्हा त्या पोरगेल्या गवंड्याला कुणी साधा ओटासुद्धा बांधायला देईना. ताईने नवऱ्याला सांगून टाकलं, आपलं घर माझा भाऊ बांधेल. तिने स्वतः घमेल्यात माल कालवला, विटा भिजवल्या, आणि त्याच्याकडे बघत बघत गिलावा करायलाही शिकली. ते त्याचं पहिलं घर. आता ती सत्तरीची होती, एकटी होती, आणि खाण सुरू झाली तर मागची भिंत दोन पावसाळे काढणार नाही हे ओळंब्याला स्वच्छ दिसत होतं. माझ्या खोलीवर राहायला चल, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. तिने दोन्ही वेळा त्याला वेड्यात काढलं. हे घर सोडून ती कुठे जाणार नव्हती, आणि भिंत काही तिचं वय बघून पडायची थांबणार नव्हती.

पाहणीच्या आधी चार दिवस ओळंबा बाहेरगावी स्लॅबच्या कामाला अडकला. परतला तो थेट पाहणीच्या सकाळी, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच. ताईच्या दारात सगळी वस्ती उभी होती. मास्तर, अधिकारी आणि साहेब आत गेले. ओळंबा त्यांच्या मागून गेला आणि त्याला वाटलं, आपण चुकीच्या घरात शिरलो.

भिंती कोऱ्या करकरीत होत्या. एक तडा नाही, एक पट्टी नाही. वरून फिकट पिवळा रंग. खाली जमीन पुसून लख्ख, आणि मधोमध ताई, धुतलेल्या कपड्यांत, पाहुणे यायचे असल्यासारखी उभी.

मास्तरांनी हातातले कागद चाळून फोटो वर काढले. अधिकारी सावकाश चारही भिंती फिरला, मागच्या भिंतीवर तळवा फिरवला, मग ताईकडे वळला.

"आजी, सुरुंगामुळे भिंतींना तडे गेले होते का?"

"नाही," ताई म्हणाली. "माझ्या भावाने बांधलंय हे. याला कशाला तडे जातील?"

मास्तरांनी घाईघाईने फोटो पुढे केले. साहेब अगदी अदबीने म्हणाला की फोटोत नुसती भिंत आहे, भिंत कुणाची ते त्यावर लिहिलेलं नाही. दोघांची जुंपली. तेवढ्यात ताईने ओळंब्याला बाहीला धरून कोपऱ्यात ओढलं.

"तो साहेब येऊन गेला परवा," ती कुजबुजली. "म्हणाला, आजी, तडे सुरुंगाचे नाहीत, गवंड्याने सिमेंट खाल्लंय. तडे दिसले तर तसंच लिहावं लागेल म्हणाला, सरकारी कागदावर, तुझ्या नावानिशी. मी जिवंत असताना तुझं नाव घालवू देईन होय? दोन दिवस लागले, पण सगळे बुजवले बघ. हात विसरला नाही माझा."

तिच्या नखांत अजून सिमेंट होतं. ओळंब्याचं नाव! त्या नावाची त्याला काय किंमत होती? साहेबाने दहा कागदांवर त्याला चोर लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे घर तेवढं उभं राहायला हवं होतं. पण हे तिला आधी सांगायचं राहून गेलं होतं. सांगायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

"हे घर तुम्ही बांधलंत?" अधिकाऱ्याने त्याला विचारलं.

"हो."

"मग तुम्हीच सांगा. तडे होते का?"

पिशवीत थापी होती. एकदा ओढली असती की रंगाखालचा ओला माल भसकन खाली आला असता, त्यामागे तडा दिसला असता, आणि खाण तिथल्या तिथे बंद पडली असती. फक्त मग वस्तीसमोर, परक्या माणसांसमोर, ताई खोटारडी ठरली असती. जिने जन्मात कुणाची सुई न विचारता घेतली नाही, ती. ताई त्याच्याकडे बघत होती. भीती अशी नव्हतीच तिच्या तोंडावर. आपला भाऊ आपल्या बाजूचा आहे याची तिला खात्री होती.

"नव्हते," ओळंबा म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. जाता जाता मोकळेपणाने म्हणाला, "आजी, बांधकाम पक्कं आहे हो तुमचं. असं काम हल्ली बघायला मिळत नाही." बाकीची पंचवीस घरं बघायला तो थांबला नाही. जवळच्या घराला काही झालं नाही, तर लांबच्यांना कसं होईल? त्याचा हिशोब सरळ होता. साहेबाने त्याला गाडीपर्यंत पोचवलं.

गाडी वळणाआड गेली आणि लोकांनी ओळंब्याला घेरलं. औषधांच्या दुकानवाल्याने विचारलं, हे तडे कुणी बुजवले? म्हातारीला एकटीला जमणारं काम नाही हे. मास्तर दारातून त्या भिंतीकडे बघत होते, आणि भिंतीवरचा हात कुणाचा हे वस्तीत कुणाला सांगायची गरज नव्हती. कडेपर्यंत एकसारखा फिरलेला, कुठे उंचवटा नाही. तो हात ताईने त्याच्याकडूनच उचलला होता.

"मी बुजवले," ओळंबा म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, खाणीच्या कुंपणाच्या भिंतीचं काम यालाच मिळालं वाटतं. कुणी घरभेद्या म्हणालं. दुकानवाल्याने त्याच्या पायाशी थुंकून वाट धरली. मास्तर शेवटी गेले. जाताना त्यांनी नऊ पोचपावत्यांचा गठ्ठा ओळंब्याच्या हातात दिला, आता ठेवा तुम्हीच, म्हणाले, आणि खाली मान घालून निघून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला वस्तीत कुणी जेवलास का म्हणून विचारलं नाही.

तो आत आला. ताईने काढलेल्या काचेच्या तडकलेल्या पट्ट्या धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घातल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या घरी लागतील म्हणून. तिने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. बऱ्याच वर्षांत ती इतकी खुशीत दिसली नव्हती.

"एवढा मोठा अधिकारी पक्कं काम म्हणाला," ती म्हणाली. "दारातल्या लोकांना ऐकू गेलं ना रे?"

"गेलं, ताई," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं."