बिनवासाची नीळ

कॉलर हुंगल्याशिवाय मामी मामांना घरात घेत नसत. कापड कारखान्याच्या रंगखात्यात नीळ विरघळवायला लागणारा हायड्रो जळक्या आगकाडीसारखा वास मारतो, आणि एकदा कपड्यात शिरला की लपत नाही. त्याच हायड्रोने मामांची छाती पोखरली होती. रंगाचा हौद सोडा, असं डॉक्टरांनी बजावल्यावर जन्मभर कापड निळं करणारा हा रंगारी शिलाईखात्यात बटणं तपासायला बसला आणि दिवसेंदिवस सुकत चालला. तरी चोरून हौदाशी जाऊन आले नाहीत ना, म्हणून मामींचं हुंगणं चालूच होतं.

मामांची भाची प्रयोगशाळेत जंतूंकडून नीळ करून घ्यायची. कारखान्यातली नीळ खनिज तेलापासून, जहाल रसायनांतून निघते. तिचे जंतू साखर खाऊन तीच नीळ बनवत. मामांना त्याचं कोण कौतुक! पण तिने बाटलीतली पूड आणून दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पूड अस्सल होती आणि तीच अडचण होती. नीळ कुणीही बनवो, ती पाण्यात विरघळत नाही. विरघळवायला पुन्हा हायड्रोच लागणार. म्हणजे ये रे माझ्या मागल्या. भाची हसून म्हणाली, अजून थोडं थांबा.

वर्षभराने तिने बोलावलं. टाकीत नुसतं पाणी असावं असं काहीतरी होतं. या खेपेला तिने जंतूंना निळीच्या एक पायरी अलीकडेच अडवलं होतं. अर्धवट रंगाच्या कणाकणाला साखरेचं झाकण बसवलं होतं, म्हणून तो पाण्यात सुखाने विरघळून राहिला होता. आधी कापड यात भिजवायचं, मग झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या पाण्यात घालायचं, की नीळ कापडातच जन्माला येते.

मामांनी सवयीने नाकाला रुमाल लावला होता. तो त्यांनी हळूच खिशात घातला. कापड स्वतः भिजवलं, पिळलं, दुसऱ्या टाकीत सोडलं. पांढऱ्यावर निळाई चढू लागली तसे त्यांचे डोळे भरून आले. पोरीने काय करून ठेवलं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

"आमच्या हौदाची नीळ याहून गडद, झटपट आणि स्वस्त," डोळे पुसत ते म्हणाले. "तुला खोटं कशाला सांगू? पण त्या हौदाशी मला उभं राहता येत नाही."

"मग या टाकीशी उभे राहा," भाची म्हणाली. "मला रंगारी हवाच आहे."

संध्याकाळी दारात मामींची नजर आधी नखांवर गेली. निळी नखं बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी कॉलर हुंगली, बाही हुंगली, शेवटी तळहात नाकाशी धरला. कशालाच वास नव्हता. मामांनी सगळं सांगितलं.

"खोकला?"

"एकदाही नाही."

मामींनी तो निळा हात बराच वेळ सोडला नाही.

"उद्या डबा जरा जास्त देते," त्या म्हणाल्या. "पोरीलाही घाला त्यातलं."