खुशी लिहा

त्या सकाळी वहिनीने नणंदेचा चहा मागच्या खोलीत नेऊन दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नणंद शिवणकाम करायची. नवरा गेल्यापासून ती वडिलांच्या घरातल्या त्या खोलीत राहत होती, आणि आईचं अखेरचं आजारपणही तिनेच काढलं होतं.

"आज काय विशेष गं?"

"काही नाही हो ताई. यांच्याबरोबर निबंधक कार्यालयात जाऊन या. घरावर मजला चढवायचाय ना, त्याच्या सहीपुरतं."

हक्कसोडपत्र हा शब्द फार सभ्य आहे. एका वारसाने आपला वाटा दुसऱ्या वारसासाठी, स्वखुशीने आणि दबावाविना सोडणे, एवढाच त्याचा अर्थ. भाऊही तो बहिणीसाठी सोडू शकतो. कायद्याची काही आडकाठी नाही. वापरात मात्र असा भाऊ अजून आढळलेला नाही.

वाटेत तिने भावाला एकच विचारलं, "मजला चढव बाबा, पण मागची खोली मला राहील ना रे?"

"घर तुझंच आहे, ताई. कागद आपला नावापुरता. पण सही नाही केलीस, तर मला भाऊ म्हणू नकोस."

अधिकाऱ्याने चष्मा वर सरकवला. "बाई, हे स्वखुशीनं करताय ना?"

"हो, हो," भाऊ म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

घाईत तिच्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढायचं राहिलं होतं. ते फिरवत ती म्हणाली, "सही नाही केली तर भाऊ तुटतो, साहेब. याला तुमच्यात काय म्हणतात?"

"दबाव. तसं असेल तर मी नोंद करणार नाही."

भावाचा चेहरा पडला. लहानपणी गुडघे फोडून आला की तो असाच दिसायचा.

"दबाव कसला, साहेब," ती घाईघाईने म्हणाली. "धाकटा भाऊ आहे माझा. खुशी लिहा."

शिक्का बसला.

बाहेरच्या पायऱ्या उंच होत्या. भावाने प्रेमाने तिचा हात धरला. "खोलीचं सांगायचं राहिलंच. गवंडी मागच्या बाजूनंच काम काढणार आहे. पण घाई नाही, ताई. महिनाअखेर चालेल."

तिने मान डोलावली. शेवटच्या पायरीवर विचारलं, "मशीन कुठे ठेवू?"

त्याचा त्याने विचार केला नव्हता.

वाचकहो, असा एखादा रीतसर, शिक्क्याचा कागद आपल्याही कपाटात असेल. त्यावर सही करणारी बहीण सध्या कुठे राहते, तेवढं आठवून पाहा.