फळ पाहिलं, चाकू नाही पाहिला

"उजेडबाबा की जय!" असा गजर झाला आणि दोन-तीनशे माना एकदम उंच झाल्या.

बाबाच्या हातात कच्चं हिरवं संत्रं होतं. ते कवडूनं तिगावच्या आपल्या बागेतून सकाळीच तोडून आणलं होतं. बाबानं आधी दुसरं एक फळ कापून दाखवलं. त्यातून साधा आंबट रस निघाला. मग कवडूचं फळ त्यानं कवडूच्या लेकीवरून, दामिनीवरून, सात वेळा ओवाळलं आणि चाकू घातला. लालभडक धार गळाली.

"बापा, रगत!" बाया पदर तोंडाशी धरून मागे सरल्या.

"चुडेल हाय चुडेल!" बाबा डोळे गरगर फिरवत ओरडला. "साडेतीनशे वर्सांची! हे गोळ्यांनं नाही जात. गोळी म्हंजे तिचा नाश्ता होय, नाश्ता!"

चुडेलीचं वय कोणत्या दाखल्यावरून काढलं, ते कोणी विचारलं नाही. जामसांवलीच्या मारुतीला हात जोडून लोक परतत, त्याच वाटेवरच्या एका मळ्यात बाबानं दुकान थाटलं होतं. मारुती कोणाला काही मागत नाही. बाबाचं तोंड मात्र मागण्यावाचून उघडत नसे.

ही संत्र्याच्या मुलखातली माणसं. फळ म्हटलं की त्यांना कोणी फसवू शकत नाही. कवडूनं फोड उलटीसुलटी केली, देठ पाहिला, सालीवर सुई टोचल्याची खूण शोधली. कुठे काही नाही. फळ आपल्या झाडाचं, आपल्या हातचं, मग शंका कसली?

फक्त दामिनी बोलली. "माय, याच्यापाशी दोन चाकू हायेत. एकाची मूठ फुटकी हाये."

लोक खो-खो हसले. बाबा म्हणाला, "ऐकलं? हे पोरगी नाही, आतली बोलून राहिली."

आणि तिची आई कलाबाई म्हणाली, "चूप बस वो."

हे तीन शब्द कलाबाईनं पुढे स्वतःला कधी माफ केले नाहीत.

दामिनी पांढुर्ण्याच्या एका ऑनलाइन सेंटरवर काम करायची. अर्ध्या गावाचे फॉर्म तिनं भरलेले. दोन वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू यायला लागले. खोलीत कोणी नसताना दोघं-तिघं तिच्याबद्दल बोलत. मग आईच्या हातच्या वरणातही तिला विष दिसू लागलं. आंघोळीला बसली की भरल्या बादलीकडे पाहत तासभर बसून राही. मैत्रिणींचे फोन बंद झाले, जमलेली सोयरीक मोडली, काम सुटलं. नागपूरच्या डॉक्टर तेजस्विनीबाईंनी सांगितलं, "हा स्किझोफ्रेनिया. मेंदूचा आजार आहे. गोळ्या लागतील, वेळ लागेल, आणि घरच्यांचा धीर लागेल."

पाच महिन्यांत पोरगी स्वतःहून वेणी घालायला लागली होती. एक दिवस तिनं शेजारणीचा राशनचा फॉर्मही भरून दिला. पण कवडूला पाच महिने फार वाटले. बाबा एका गुरुवारी बरं करतो म्हणे!

संत्र्यातून रगत काढल्यावर बाबानं तिच्या गोळ्या धुनीत टाकल्या. दामिनीला मळ्यामागच्या खांबाला साखळीनं बांधलं, नाकाशी मिरच्यांची धुरी दिली. घरच्यांनी अकरा दिवस तोंड दाखवायचं नाही, असा हुकूम होता. नवव्या दिवशी कलाबाईच्यानं राहवेना. ती कुंपण ओलांडून आत गेली. लेकीच्या घोट्याला साखळीनं हाडापर्यंत जखम झाली होती. त्यात माशा बसल्या होत्या. कलाबाई रडली नाही. पंकज नावाचा चेला आडवा आला, तर त्याच्या हाताचा तिनं असा लचका तोडला की तो बोंबलत पळाला. तिनं दगडानं कुलूप फोडलं आणि पोरीला पाठीवर घेऊन सडक गाठली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दीड महिन्यानं, जखम पुसता पुसता दामिनी शांतपणे म्हणाली, "माय, दोन चाकू हायेत."

या वेळी कलाबाईनं हातातला बोळा खाली ठेवला. "सांग वो बाई. मी ऐकून राहिली."

"मी मागं बांधली होती न, तिथंच जास्वंदाचं झाड हाये. तो गुरुवारी सकाळी फुलं तोडे अन् फुटक्या मुठीच्या चाकूले घसघस घासे. मग सुकवे. माह्यासमोरच."

"तुह्यासमोर? लपवे नाही?"

"कायले लपवीन? पागल पोरीचं कोन ऐकते?"

कलाबाईनं तडक शेजारच्या अंगणातून जास्वंदी आणली. घरच्या चाकूच्या काळ्या पात्यावर घासली, सुकवली. पात्यावर काही दिसेना. कच्चं संत्रं कापलं. आंबट रस लागला आणि पातं लाल, फोड लाल, बोटं लाल. कवडू दारात उभा होता. कलाबाई त्याच्याकडे पाहून म्हणाली, "हे घ्या तुमची चुडेल."

पुढच्या गुरुवारी कलाबाई मळ्यात गेली. पदराखाली तिचा चाकू होता आणि टोपलीत संत्री. बाबाला वाटलं, शरण आली. तिनं दोन्ही हात जोडले. "महाराज, चुकली मी. पायांवर फळ वाहू द्या."

"ये माय, ये. उजेडाच्या दारी सगळे येते."

तिनं फळ बाबाच्याच डोक्यावरून सात वेळा फिरवलं आणि कापलं. लाल धार थेट त्याच्या पांढऱ्या दाढीवर.

"पाहा हो!" कलाबाई गरजली. "चुडेल महाराजातच निघाली!"

तिनं दुसरं फळ पंकजवरून फिरवलं. लाल. मग खुंट्याच्या बकरीवरून. लाल!

"बकरीतही चुडेल? तिच्या गोळ्या कोन बंद करते रे?" मागून एक म्हातारा ओरडला आणि सगळा मळा हसला. कलाबाईनं फुलं दाखवली, चाकू दाखवला, एका बाईच्या हातून कापूनही घेतलं. बाबाच्या आसनाखालून फुटक्या मुठीचा चाकू कवडूनंच ओढून काढला. कवडूच्या दुसऱ्या हातात मागच्या खांबाची साखळी होती.

"बांधा याले!" लोक पेटले. "द्या मिरच्यांची धुरी!"

कलाबाईच्या मनात दुसरं काही नव्हतंच. दीड महिना ती हेच स्वप्न चघळत होती. पण ती साखळीवर पाय देऊन उभी राहिली. "नोको. माराल तर हा उद्या दुसऱ्या गावात देव होईन. मले तो मेलेला नाही पायजे. जित्ता पायजे, अन् लोक हसून राहिलेले पायजे. साखळी ठाण्यात जाईन. माणूस बांधनं गुन्हा होय."

गुन्हा दाखल झाला. बाबा जामिनावर सुटला आणि रामाकोन्याकडे नवी गादी मांडायला गेला. पहिल्याच बाजारी समोर कलाबाई टोपली घेऊन बसलेली. तो दुसऱ्या गावी गेला, ती तिथे. त्याच्या तोंडातून "चुडेल" निघायच्या आत पोरंटोरं "बकरी, बकरी" ओरडत. शेवटी तो मुलूख सोडून गेला. टोपली मात्र अजून प्रत्येक बाजारी मांडली जाते.

दामिनी पूर्ण बरी झाली असं कोणी सांगेल, तर तेही खोटंच. आवाज अजून येतात, पण दूरच्या रेडिओसारखे. ती गोळी घेते, अर्धा दिवस सेंटरवर बसते. गर्दी झाली की उठून बाहेर येते, मालक समजून घेतो. परवा सौंसरच्या बाजारात तिनं आईपुढे हात केला. "माय, आज मले दे."

तिनं संत्रं कापलं. लोकांनी वाकून फळ पाहिलं.

"फळ नोका पाहू," दामिनी म्हणाली. "चाकू पाहा."

बाबांनो, मायांनो, एवढंच सांगणं आहे. घरातलं माणूस एकटंच बोलायला लागलं, जेवण टाकून बसलं, तर त्याला डॉक्टरकडे न्या. गोळी मध्येच तोडू नका. आणि ते काही सांगत असेल तर "चूप बस" म्हणू नका. सगळ्या गर्दीत खरं पाहणारं तेच एक असू शकतं.