उगवतीचा कोपरा

कमलम्माच्या रानात यंदा पहिल्यांदाच मुरघासाचा खड्डा भरला. त्या दिवशी कुट्टीयंत्राचा आवाज असा उठला की शिवारातले ससे म्हणे दोन दिवस बहिरे फिरत होते. कुणी हाक मारली तरी कान हलवीनात. त्याआधी ते हाकेला कधी ओ देत होते, हे मात्र विचारायचं नाही.

खड्डा निघाला तो तिच्या लेकाच्या, उमाशंकरच्या डोक्यातून. अहमदपूरपासून आडबाजूचं गाव, दावणीला नऊ गायी, आणि उन्हाळाभर त्यांचा चारा डोक्यावरून वाहणारी बायको शिवकन्या. गेल्या वैशाखात ती भाऱ्याखाली मटकन बसली, ती दोन महिने मान धरून होती. तेव्हाच त्यानं ठरवलं. मका दुधात असताना हिरवाच कापायचा, बारीक कुट्टी करून खड्ड्यात दाबायचा, वारा कोंडून पंचेचाळीस दिवस मुरू द्यायचा. तीस फूट लांब खड्ड्याला मावळतीकडं उतार ठेवला. ट्रॅक्टर त्याच उतारानं आत जाणार, आणि उन्हाळ्यात ट्रॉलीही तिथंच मागं लावायची. कुणाच्या डोक्यावर पाटी चढायची नाही.

शेजारचा भागवत बांधावरून ओरडला, "उम्या, गवताचं लोणचं घालून राहिलास का?"

"हाव. फोडणीला तू ये."

कमलम्मा सत्तरीची. कडबा वाळवून रचायचा सोडून हे ओलं पुरणं तिला पटलं नव्हतं. पण लेकानं ट्रॅक्टर खड्ड्यात घातल्यावर तीच पदर खोचून उतरली. चाकं थर दाबत पुढं-मागं फिरत. उगवतीच्या भिंतीशी कोपऱ्यात मात्र चाक पोचत नाही, तिथं पायानंच तुडवावं लागतं. म्हातारी दिवसभर थरामागून थर तुडवत राहिली, गुळाचं पाणी शिंपत राहिली. दिवस मावळता खड्ड्यावर काळा कागद पसरला, कागदावर हातभर माती चढली, आणि ती न जेवताच आडवी झाली.

सकाळी अंघोळ करून पूजेला बसली. कपाळाला विभूती लावली. गळ्याशी गेलेला हात तिथंच राहिला. शिवदाराचा तुटका दोरा चोळीत अडकलेला, आणि इष्टलिंगाची चांदीची डबी गायब.

ते लिंग पाळण्यात असताना तिच्या अंगावर चढलेलं. लग्नात, बाळंतपणात, नवऱ्याला याच रानात समाधी दिली त्या दिवशीही ते अंगावेगळं झालं नव्हतं. लिंगपूजा झाल्याबिगर तिनं पाण्याखेरीज काही तोंडात घातलं नव्हतं. त्या दिवशीही घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावच्या स्वामींनी नवं लिंग द्यायची तयारी दाखवली.

"हाय कुठं ते ठाऊक हाय की," ती म्हणाली. "मग नवं कशाला, स्वामी?"

तिसऱ्या दिवशी उजाडताच उमाशंकरनं खोरं उचललं. वारा आत गेला की मका बुरसणार आणि गायींचा उन्हाळा गेला, हे तो जाणून होता. तरी त्यानं चार खोरी माती ओढली. मागून आवाज आला.

"खाली ठेव ते."

"अव्वा, तीन दिवस झाले तुला."

"कुठल्या थरात हाय, सांग बरं? सकाळच्या का सांजच्या?"

"समदा उपसतो."

"आन् नऊ तोंडं? त्यांच्याम्होरं काय टाकशील, माती?"

"गायी पुन्हा इकत घेता येत्यात. तू न्हाई मिळत."

तिनं पाण्याचा तांब्या मागितला. उगवतीच्या कोपऱ्यावर मातीतच बसली, तीन बोटांनी मातीवर विभूती ओढली, बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले. उठली तेव्हा म्हणाली, "आण आर्धी भाकर."

त्यानंतर रोज तेच. कोपऱ्यावर पूजा आणि दिवसाला अर्धी भाकर, वर कण नाही. शिवरात्रही तिथंच गेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. भागवतानं उठवलं की खड्ड्यातून घंटा ऐकू येते. दोघातिघांनी जमिनीला कान लावले, मुंग्या डसल्या, घंटा काही वाजली नाही. गाव हसलं. उमाशंकरला हसू येईना. यंत्र त्यानं आणलं होतं, खड्डा त्याचा होता, आणि ती अर्धी भाकर त्याला रोज बघावी लागत होती.

पंचेचाळीस दिवस भरले. त्यानं खोरं उतारावर न टाकता उगवतीच्या भिंतीशी टाकलं. भिंतीत पायऱ्या खोदायला लागला.

शिवकन्या बघत होती. "उतार तर तिकडं हाय."

"तिकडून रोज चार बोटं कापत आलो तर ह्या कोपऱ्याला आखाड उजाडंल. तवर अव्वा..."

"आन् दोन्हीकडून उघडला तर?"

"दोन्हीकडून कुजंल."

"मग हिकडून चारा वर कसा यायचा?"

"डोक्यावर. माझ्या."

तिनं मानेवरून एकदा हात फिरवला, आणि पाटी आणून दिली.

कागद उचलला तसा आंबटगोड वास सुटला. तो पाटी भरी, वर आणी, मूठमूठ चाळून मगच गायींपुढं टाकी. सहाव्या दिवशी, कंबरेएवढ्या खोलीवर, बोटांना टणक लागलं. डबी काळी पडली होती. त्यानं ती उपरण्यानं पुसली आणि वर धरली.

काठावर बसलेल्या कमलम्मानं हात पुढं केला नाही. आधी विचारलं, "तिथला चारा कुजला का रे?"

"न्हाई अव्वा. वास घे."

तिनं मूठभर हुंगला. "मग आधी त्यांला घाल."

गायींनी तोंड घातलं तेव्हा ती अंघोळीला उठली. त्या दुपारी पूजा झाल्यावर तिनं अख्खी भाकर खाल्ली आणि वर जवसाची चटणी मागितली. शिवकन्या ती वाढायची सोडून चुलीकडं तोंड करून बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी उमाशंकर पाटी भरून पायरीशी आला, तर वर कमलम्मा उभी. हातात तिच्याच जुन्या लुगड्याची वळलेली चुंबळ.

"मला न्हाई का वळली, अत्या?" शिवकन्येनं विचारलं.

"तू मान सांभाळ तुझी. खड्डा त्यानं काढलाय, त्यालाच वाहू दे."

तिनं चुंबळ त्याच्या डोक्यावर बसवली आणि भरली पाटी वर ठेवायला हात लावला. पाटी नीट बसली. तिचे हात मात्र थोडा वेळ तिथंच राहिले, आणि तोही पायरीवर तसाच उभा राहिला.