खर्च अर्जदाराने द्यावा

दावा मी दादावर लावला होता, आईवर नाही. त्यामुळे कोर्टात दोन वर्षं तारखांवर तारखा पडत राहिल्या, तरी दर रविवारी आई माझ्याकडे जेवायला यायचीच. दादा तिला फाटकापाशी सोडायचा आणि वर न बघता गाडी वळवायचा. मीही खिडकीतून न बघितल्यासारखं बघायचे.

भांडण वडिलांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याचं. दादाचं म्हणणं, वडिलांनी जाताना तो त्याला एकट्याला दिला, तोंडी, आईसमोर. माझं म्हणणं, ही शुद्ध थाप. वडिलांनी बांधणी शिकवली ती मला. दादाला अजून दाभणात दोरा ओवता येत नाही. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं तेवढं त्याला झकास जमतं. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून सगळं आईच्या साक्षीवर येऊन थांबलं होतं. मंगळवारी ती दादाच्या बाजूने साक्ष देणार होती.

त्याच्या आदल्या रविवारी तिला चष्मा सापडेना, म्हणून मी तिच्या पिशवीत हात घातला. चष्म्याच्या डबीत घडी केलेला कागद होता. अक्षर दादाचं. ‘मंगळवारी कोर्ट. कारखाना कुणाला दिला? मुलाला, एकट्याला.’ लबाड कुठला! मी दातओठ खाल्ले. खाली आणखी लिहिलं होतं. ‘मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, हिरवं दार. तिला एक मुलगी आहे. औषध जेवणानंतर.’

आई त्या घरी अकरा वर्षं येत होती. हल्ली ती नातीला नावाने हाक न मारता नुसतं ‘बाळ’ म्हणते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

सोमवारी हे ऐकताच वकीलबाई खुर्चीत ताठ झाल्या. “अहो, जिंकलात तुम्ही! उलटतपासणीत तीनच प्रश्न विचारते. आज वार कोणता, राहता कुठे, नातवंडं किती. साक्ष तिथल्या तिथे कोसळते की नाही बघा.”

“आणि आई?”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“दावा मागे घ्यायचाय,” मी म्हणाले.

“मागे घेणाऱ्याला समोरच्याचा खर्च द्यावा लागतो. त्यांच्या वकिलाच्या फीसकट. कारण पटलं तर न्यायाधीश माफ करतात, आणि तुमचं कारण चांगलं भक्कम आहे. सांगून टाका.”

“भर कोर्टात? मग तिला प्रश्न विचारले काय आणि नाही विचारले काय, एकच.”

“दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

मंगळवारी न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “ऐन साक्षीच्या दिवशी? कारण काय?”

“इच्छा राहिली नाही, साहेब.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मग त्यांनी दादाला विचारलं, खर्च मागता का? वाटलं, एवढं तरी सोडेल. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला माझं कारण कळायला कितीसा वेळ लागणार? त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “मागतो.”

खर्च अर्जदाराने द्यावा, असं न्यायाधीशांनी लिहिलं. तेवढ्या पैशांत मी घरच्या घरी वेगळा धंदा मांडणार होते. दादाचा असा संताप आला की पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटली.

बाहेर बाकावर आई ठेवणीतले कपडे घालून बसली होती. “माझी पाळी कधी?”

“आता नाही लागत, आई. संपलं सगळं,” दादा म्हणाला.

“असं कसं? एवढं पाठ केलंय मी!” ती उठली, केसांवरून हात फिरवला आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली, “हे जाताना म्हणाले, कारखाना दोघांचा. पोरगी बांधेल, पोरगा विकेल. भांडू नका म्हणावं.”

दादाचा वकील कागद आवरत होता, त्याचे हात थांबले.

“बरोबर म्हटलं ना रे?” आईने दादाला विचारलं.

तो तिची पिशवी उचलायला वाकला. उत्तर द्यायचं कामही मलाच करावं लागलं.

“अगदी बरोबर, आई,” मी म्हणाले, आणि खर्च कुठल्या खिडकीवर भरायचा ते विचारायला गेले.