कागदाचा कोट

आई जूनमध्ये गेली. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचा जून म्हणजे हिवाळा: सकाळी उशिरापर्यंत नदीवरून न हलणारं धुकं, आणि घराघरात हीटपंपासमोर वाळत घातलेले कपडे. फ्यूनरल होममध्ये तिला आपल्या रीतीप्रमाणे पांढरी सुती साडी नेसवली होती. निऱ्या विनितामावशीने नीट केल्या. मी घरून आईचा राखाडी कार्डिगन नेला होता. तो तिच्या खांद्यांवर घालायला पुढे झाले, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"अक्षू, तिला आता थंडी वाजत नाही."

आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. लहानपणी गणित समजावताना असायचा तसा होता. कार्डिगन मी परत गाडीत नेऊन ठेवला. पुढचे कितीतरी आठवडे मी त्या वाक्याला धरून काढले.

बाबा आयुष्यभर असंच बोलत आले. शहराच्या 'ते रापा' भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात ते इंजिनियर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. श्राद्धपक्ष करणार नाही, ही बाबासाहेबांनी दिलेली प्रतिज्ञा त्यांनी नुसती घेतलेली नव्हती. समोरच्याला त्यावर बोलायला लावल्याशिवाय ते सोडत नसत. आमच्या रस्त्यावरच्या एका पुण्याच्या गृहस्थांनी एकदा पितृपक्षात काळजीने विचारलं होतं, की न्यूझीलंडमध्ये कावळेच दिसत नाहीत, मग पान ठेवायचं कुणासाठी? बाबा म्हणाले, "मॅगपाय आहेत की भरपूर. चालतात का विचारून घ्या वर." गृहस्थ हसले, पण त्यानंतर वर्षभर त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही. आईने बाबांना फैलावर घेतलं. "मेलेल्याला पोट नसतं, नीला," बाबा म्हणाले. "जिवंताला मन असतं ना पण," आई म्हणाली.

आईच्या पुण्यानुमोदनाला आमच्या हॉलमध्ये सगळी ओळखीची बौद्ध कुटुंबं जमली होती. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून बाबा एवढंच बोलले: "नीला गेली. ती आता कुठेही नाही. ती जशी वागली, त्यातलं आपण जेवढं उचलू तेवढीच ती उरेल." माझा भाऊ प्रणय पामर्स्टन नॉर्थहून आला होता, तो हुंदके देऊन रडला. मी रडले नाही. मृत्यूवर लोकांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलेलं आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीच करते. त्यातलं काहीही त्या दिवसांत उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडत होते ते बाबा. आई नाही, या उघड्या जागेवर माझ्यासोबत आणखी एक माणूस उभा होता.

ऑगस्टची तिकिटं, स्वतःचं आणि बाबांचं, आईनेच काढून ठेवलेली होती. तालीची. चीनच्या युन्नान प्रांतातलं हे गाव तिला हॉस्पिटलच्या लॅबमधल्या एका सहकारी बाईंनी दाखवलं होतं. त्या तिकडच्याच, 'बाई' याच नावाच्या तिथल्या जमातीच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फोनवर फोटो दाखवायच्या: पाठीमागे हिरवाकाळा डोंगर, पुढे लांबलचक तळं, मध्ये तीन पांढरे उंच पॅगोडे. आई घरी येऊन म्हणायची, "बुद्धाचं एक तरी गाव बघायचंय, जिथे आपण पाहुणे नसू."

तिकिटं रद्द करायला निघाले, तर प्रणय फोनवर म्हणाला, "डोन्ट. बाबा घरात बसून काय करणार? टेक हिम. आईच्या तिकिटावर नाव बदलत नसेल, तर तुझं नवीन काढ."

मी काढलं.

ऑकलंडहून ग्वांगझू, तिथून कुनमिंग, तिथून रेल्वे. तालीच्या जुन्या गावात रस्त्याच्या कडेने दगडी पन्हळीतून डोंगराचं पाणी धावत असतं, आणि पांढऱ्या भिंतींवर शाईने डोंगर, बांबू, पक्षी काढलेले असतात. पावसाळा होता. ढग डोंगराच्या कमरेला गुंडाळून बसलेले. हे सगळं सुंदर आहे हे मला समजत होतं, जसं परक्या भाषेतलं वाक्य बरोबर आहे हे समजतं.

तीन पॅगोड्यांच्या मागे डोंगरावर चढत गेलेलं मोठं देऊळ आहे. दारात डोळे वटारलेले चार रंगीत द्वारपाल. बाबांनी सवयीने बूट काढले. रखवालदार हसत धावत आला आणि खुणेने म्हणाला, घाला, घाला. आत उदबत्तीच्या काठ्या हाताएवढ्या जाड, लोक गुडघ्यांवर बसून भविष्याच्या बांबूच्या कांड्या हलवतायत, हजार हातांची करुणेची देवी. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"अक्षू, ही तर वेगळीच मंडळी आहेत."

"आईला आवडलं असतं का?"

"दोन दिवस भांडली असती माझ्याशी. मग आवडलं असतं."

आम्ही एका कोपऱ्यात उभं राहून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. शेजारची एक म्हातारी थांबून ऐकत राहिली आणि शेवटी तिने आम्हाला दोन संत्री दिली.

दुसऱ्या दिवशी बाजारात एक बाई दुधाचा पंखा करत होती. उकळत्या आंबट पाण्यात दूध घालायचं, गोळा झाला की काड्यांवर ताणून पातळ पदर करायचा, वाळवायचा, मग निखाऱ्यावर भाजून गुलाबाचा मुरंबा लावून गुंडाळी करून द्यायची. बाबा तिथे खिळले. "बघ, बघ, प्रोटीन कसं ताणतेय! आमच्या कारखान्यात याला मशीनची अख्खी लाइन लागली असती." त्यांनी तीन खाल्ले. जूननंतर मी त्यांना पहिल्यांदा कशात तरी रमलेलं पाहिलं, आणि मला वाटलं, येऊन बरं केलं.

त्याच संध्याकाळी आम्ही एका गल्लीत वळलो. चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता; त्या दिवसांत तिथे पूर्वजांसाठी कागदी वस्तू जाळतात. दुकान पितरांच्या सामानाचं होतं. कागदाचे बूट, कागदाच्या टोप्या, घडी घातलेले कागदी कपडे, आणि ज्याच्यावर नाव लिहायचं ती मोठी पाकिटं. डोक्यावर झालरीचा पांढरा मुकुट घातलेली मालकीण साठीची असेल. बाबा कुतूहलाने आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येऊन एक चिमटा काढतील.

बाईने आपला फोन पुढे धरला. ती तिच्या भाषेत बोलली, फोन इंग्रजीत: कुणासाठी?

"वाइफ," बाबा म्हणाले.

केव्हा गेली?

"जून. विंटर." बाबांनी थांबून समजावलं, "आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा."

बाईच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी बोलली, आणि फोनने त्या सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात विचारलं, तिकडे तिला थंडी वाजते का?

बाबा काउंटरला धरून उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, चला." ते हलले नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या बाईने काउंटरमागून बाहेर येऊन त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. तिने निळ्या कागदाचा, आत कापसाचा पातळ थर घातलेला एक कोट काढला. पाकिटावर बाबांनी देवनागरीत लिहिलं: नीला. अंधार पडायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी, इतर घरची माणसं जाळत होती त्यांच्या शेजारी, बाईच्या पत्र्याच्या परातीत तो कोट जाळला. चटकन पेटला. बाबांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

मी स्वतःला सांगितलं, एक संध्याकाळ आहे. परक्या गावात माणूस परक्यासारखं वागतो.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी गॅरेजमधून कात्रीचा आवाज आला. बाबांनी वर्कबेंचवर भेटवस्तू गुंडाळायचा निळा कागद अंथरला होता. स्टीलची पट्टी, पेन्सिल, टेप. पाठ, बाह्या, कॉलर, सगळं आखलेलं, इंजिनियरच्या हाताने, शिवणीला जागा सोडून. रविवारी दुपारी त्यांनी तो कोट मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूत जाळला आणि राख गुलाबांना घातली.

"बाबा, हे काय?"

"जरा करतोय."

पुढच्या शनिवारी मोजे झाले. मग शाल. मग परत कोट, कारण पहिल्याची कॉलर नीट बसली नव्हती म्हणे.

प्रणयला फोन केला. "इट्स हार्मलेस, अक्षू," तो म्हणाला. "कुणाला त्रास होतोय?"

"मला."

"तुला का?"

बाबा दारू पीत असते तर सांगता आलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी महिन्याची वंदना आमच्या घरी होती. वंदना झाली, पंचशील झालं, मुलं ट्रॅम्पोलिनवर गेली. जास्तीच्या खुर्च्या आणायला विनितामावशी आणि तिचा नवरा समीरकाका गॅरेजमध्ये गेले. काका हातात कागदी बाही नाचवत परतले.

"काय मारोतीभाऊ, शिवणक्लास काढला की काय? आमच्या पण दोन पॅन्ट आखूड करा!"

सगळे हसले. हसत नव्हते ते बाबा आणि मी.

"ते ठेव, समीर. नीलाचं आहे."

काकांचा हात हवेतच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, बाबांनी काही लपवलं नाही. कागद, बार्बेक्यू, दर रविवार.

"भाऊ," समीरकाका म्हणाले, आता खाली आवाजात, "माझी आई गेली तेव्हा मी नागपूरला दहावं घालायला निघालो होतो. मी एअरपोर्टवर असताना तुम्ही फोन करून मला थांबवलंत."

"थांबवलं."

"घरचे आजही माझ्याशी धड बोलत नाहीत."

"बरोबरच केलं होतं तू."

"मग हे काय आहे?"

बाबा उत्तर शोधत होते, टाळत नव्हते. मी त्यांना ओळखते. शेवटी म्हणाले, "तिला थंडी वाजते रे."

विनितामावशी तोंडाला पदर लावून किचनमध्ये गेली. समीरकाकांनी ती बाही सोफ्याच्या हातावर ठेवली, अगदी जपून, घडी न मोडता, आणि चपला घातल्या. "जय भीम, भाऊ," ते दारातून म्हणाले. बाकीचेही थोड्या वेळाने काही ना काही कारण सांगून निघाले. भाजीची पातेली भरलेलीच होती. मावशीने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी भांडी झाकून गॅरेजमध्ये गेले. बाबा परत कामाला बसले होते. बाहेर चार वाजताचं स्वच्छ, कोरडं ऊन होतं.

"समीर दुखावला," ते म्हणाले.

"हो."

"जाईन मी त्याच्याकडे उद्या. माफी मागायला हवी."

"काय सांगाल त्यांना?"

"ते नाही ठरवलं अजून."

मी बेंचच्या या बाजूला उभी होते. इतके आठवडे मनात घोळवलेलं शेवटी साधंच बाहेर पडलं. "बाबा, आई नाहीये."

"नाहीये," ते लगेच म्हणाले. "कोण म्हणतंय आहे म्हणून?"

"मग हे कुणासाठी?"

"नीलासाठी."

"पण तुम्हीच म्हणालात ना की ती कुठेही नाही? त्यावर मी..." बाबांनी कात्री खाली ठेवली. ते उठून माझ्याजवळ येतील असं मला वाटलं, आणि आले असते तर मी कदाचित त्या दिवशी रडले असते. ते बसूनच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण लांबच्या नातेवाइकाची असते तशी.

"तुला वाटतं मी तुला फसवलं."

"नाही."

"ते खरंच होतं, अक्षू. अजून खरंच आहे. पण मला त्याच्यात राहता नाही आलं. तू राहतेस. तू माझ्यापेक्षा खंबीर आहेस." ते कागदाच्या कडा जुळवत म्हणाले, "मी गेल्यावर माझ्यासाठी हे सगळं करायला प्रणयला सांगून ठेवीन. तुला नाही जमायचं."

मी खंबीर नव्हते. मी त्यांच्याच खांद्यावर भार टाकून उभी होते, आणि तो खांदा केव्हाच तिथून निघून गेला होता. हे त्यांना सांगून काय होणार होतं? त्यांच्याकडे निदान हातांना काम होतं.

"मी मदत करू का?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही. आत एकटीने ती भरलेली पातेली आवरायची नव्हती, हेही कारण असेल.

ते उजळले. खरोखर उजळले. "करतेस? हा कोट मला खांद्यात जमत नाहीये. तिचं माप विसरलो बघ, इतकी वर्षं... तुझी पाठ तिच्यासारखीच आहे. जरा उभी राहा."

मी पाठ करून उभी राहिले. त्यांनी कारखान्यातली जुनी स्टीलची टेप काढली. थंडगार पातं माझ्या मानेखाली टेकलं, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरकलं. समोरच्या भिंतीवर सायकल टांगलेली होती, तिच्या चाकात कोळ्याचं जाळं.

बाबांनी आकडा पुटपुटला, कागदावर खूण केली, आणि परत मोजला.

"ताठ नको," ते म्हणाले. "ती थोडी वाकून उभी राहायची."

मी थोडी वाकले.