हिरव्या तेलाची परीक्षा

दवाखान्यातून घरी आल्यापासून बापूंची अन्नावरची वासनाच उडाली होती. तळलेलं बंद, मीठ बेताचं. समोर आलेल्या ताटाकडे ते असे बघायचे, जणू कुणा परक्याचं ताट चुकून त्यांच्यापुढे आलंय. सदऱ्याच्या कॉलरमधून मान काडीसारखी दिसू लागली होती. माईंचं चुचकारून झालं, रागावून झालं. "दोन घास तरी खा," म्हटलं की बापू मोजून दोनच घास खायचे. शब्दाचे पक्के!

उभा जन्म तेलाच्या घाण्यावर गेलेला माणूस, आणि त्याच्याच घरात तेलाच्या थेंबाची चोरी.

एका दुपारी सून आपल्या शिवणाच्या दुकानातून घरी येताना वाटेत एक काळसर बाटली घेऊन आली.

"माई, भांगेच्या बियांचं तेल. डॉक्टरबाईंना विचारूनच आणलंय. बापूंना चालेल म्हणाल्या."

पलंगावरून आवाज आला, "आता म्हातारपणी झिंगवतेस की काय मला?"

"या तेलानं नशा नाही चढत, बापू."

"मग काय उपयोग!"

कितीतरी दिवसांनी त्यांना थट्टा सुचली होती. सून पुढे काहीबाही सांगत होती, थंड जागी ठेवा, वरून घाला. पण माईंचं सगळं लक्ष बापूंच्या हसऱ्या तोंडाकडे.

या घरात नव्या तेलाची परीक्षा ठरलेली होती. बापू घाण्यावरून तेल आणायचे, माई ते कढईत धूर निघेपर्यंत तापवायच्या आणि बटाट्याची चकती सोडायच्या. चकती कशी फुलते, वास कसा सुटतो, यावर तेल पास की नापास ते ठरायचं. सून पुन्हा दुकानात गेल्यावर माईंनी सवयीनं तेच केलं. कढई ठेवते न ठेवते तोच धूर निघाला आणि नाकात झोंबला. तरी एका चकतीनं काय होतंय, म्हणून त्यांनी ती बापूंच्या हातावर ठेवली.

बापूंनी चावली आणि थुंकलीच. "कडूजहर! फेकून दे ते."

त्या जेवणाला दोन घासही गेले नाहीत.

सून घरी आली, तिनं वास घेतला, काळवंडलेली कढई पाहिली आणि काय ते समजली. बापूंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बाटलीच खराब निघाली वाटतं. बदलून आणते."

पोरीनं दोष स्वतःच्या अंगावर घेतलेला पाहून माईंना भरून आलं. त्यांनी तिचा हात धरला. "अगं, बाटलीला काय धाड भरलीय? डोकं माझं ठिकाणावर नव्हतं. काय सांगत होतीस ते पुन्हा सांग. आता कान देऊन ऐकते."

"तापवायचं नाही, माई. एवढंच."

"तापवायचं नाही? मग ते तेल कसलं गं!"

दुसऱ्या दिवशी माईंनी बटाटे उकडले, गरम असतानाच कुस्करले, मिरपूड टाकली, लिंबू पिळलं. मग वरून चमचाभर हिरवं तेल सोडलं.

बापूंनी तोंड फिरवलं. "कालचंच ना?"

"कालचंच. काल तेल नव्हे, परीक्षा घेणारी नापास झाली."

बापूंनी माईंकडे पाहिलं. मग बोट तेलात बुडवलं, मनगटावर चोळलं आणि नाकाशी नेलं, घाण्यावर करायचे तसंच. डोळे मिटून बसले.

"शेंगदाणा ओल्या गवतात लोळवल्यासारखा वास आहे," ते म्हणाले आणि चमचा उचलला. एक घास गेला. दुसरा गेला. माईंनी पदर तोंडाशी धरला. तिसराही गेला.

"याची पेंड कशी निघते गं, पोरी? हिरवी की काळी?"

सून गडबडली. "ते नाही माहीत, बापू. विचारून येते."

"विचारून कशाला? हे काढतात त्या घाण्यावर मला ने. डोळ्यांनी बघतो."

"आधी दारापर्यंत चालायचं बळ तरी येऊ दे अंगात," माई म्हणाल्या.

"मग बघत काय बसलीस?" बापूंनी ताट पुढे सरकवलं. "वाढ की!"